मधल्या वेळचं

इतिहास हा नेहमी पंगतीचा लिहिला जातो. मधल्या वेळच्या खाण्याचा इतिहास कुणी लिहीत नाही. अमक्या राजाच्या राज्यारोहणाला किती मण साखर लागली, हे बखरकार छातीठोकपणे सांगेल. पण मुहूर्त लांबला तेव्हा बाहेर तिष्ठत बसलेल्या कारकुनांनी मधे मूठभर चिरमुरे खाल्ले की नुसतंच पाणी प्याले, याबद्दल तो मूग गिळून बसतो. (मूग, म्हणजे पुन्हा खाण्याचाच पदार्थ, पण तेवढंच.)

नाटकाचंही तसंच आहे. मराठी नाटकाच्या इतिहासाचे जाडजूड ग्रंथ माझ्या कपाटात आहेत. त्यांत कुठल्या नाटकाचा पहिला प्रयोग कुठं झाला, नायिकेनं शालू कुठला नेसला होता आणि दुसऱ्या अंकातल्या पदाला किती 'वन्स मोअर' पडले, हे सगळं सापडतं. पण पहिल्या अंकाचा पडदा पडला आणि दुसऱ्या अंकाचा उघडला, या दरम्यान त्या मांडवात काय चाललं होतं, असं विचारलं की ग्रंथसुद्धा पडदा पाडतात.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो आपल्याकडं दयेनं बघतो. "काय चाललं होतं म्हणजे? मध्यंतर! चहा, वडा आणि रांग!" त्याचाही दोष नाही. दादरचं शिवाजी मंदिर १९६५ साली सुरू झालं. तिथं किती नाटकं आली आणि गेली, पण मध्यंतरातल्या बटाटावड्याचा प्रयोग काही बंद पडला नाही. नाटक पडलं तरी वडा उचलला जातोच.

पण मी पडलो मुरगूडचा. मुरगूड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं, कागल तालुक्यातलं, वेदगंगेच्या खोऱ्यातलं गाव. निपाणीहून राधानगरीकडं जाताना लागतं. एवढा तपशील देऊनही पुण्याचा माणूस विचारतोच, "म्हणजे पन्हाळ्याजवळ का?" कारण त्याच्या लेखी कोल्हापूर जिल्ह्यात अंबाबाई, पन्हाळा आणि तांबडा रस्सा एवढीच तीन गावं आहेत. हल्ली शेजारच्या आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येतात, त्यामुळं "आदमापूरच्या थोडं अलीकडं" म्हटलं की भागतं. म्हणजे गावाची ओळखसुद्धा मधल्या वाटेवरचं अशीच.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठ-बासष्ट सालच्या सुमाराला, आमच्याकडं वर्षातून एखादं तरी हौशी नाटक व्हायचंच. हस्तपत्रकावर 'रात्री ठीक ९ वाजता' असं छापलेलं असे. त्यातला 'ठीक' हा शब्द वाचून गावकरी जेवायला बसत. साडेदहाला पहिली घंटा होई आणि नाटक सुटून घरी जावं तर गल्लीत धारा काढायला माणसं उठलेली असत. मी एकदा हिशेब केला. नाटकाचं पुस्तक सावकाश वाचलं तरी अडीच तासांत संपतं. मग उरलेली रात्र जात होती कुठं? ती जात होती मधल्या वेळात.

या मधल्या वेळात काय नसायचं? पेटीवाले मास्तर नाट्यपदं वाजवायचे. शाळेतला एक पोरगा छातीवर हात बांधून देशभक्तीचं गाणं म्हणायचा आणि दुसरं कडवं विसरला की पुन्हा पहिलं म्हणायचा. कुणाचं तरी पोर हरवलेलं असायचं, ते स्टेजवर उभं करून दाखवलं जायचं; त्याला प्रमुख नटापेक्षा जास्त टाळ्या. मग बक्षिसं. "अमक्या गल्लीच्या तमक्या पाटलांकडून नायिकेच्या कामावर खूश होऊन रुपये पाच!" हे पाच रुपये जाहीर झाले की दुसऱ्या गल्लीच्या पाटलांना सहा रुपयांची खुशी होई. यात अर्धा तास सहज जायचा आणि नायिका तोवर आत चहा पीत बसायची.

हे सगळं हौसेनं चाललं होतं असं कुणी समजू नये. हौस थोडी, गरज मोठी. पहिली गरज गॅसबत्तीची. आज स्टेजवर बटण दाबलं की उजेड पडतो. तेव्हा दोन बाजूंना दोन आणि मधे एक अशा गॅसबत्त्या टांगलेल्या असत. त्यांचा दम नटापेक्षा कमी. अंक संपता संपता बत्ती पिवळी पडायला लागे, आणि महाराजांचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसे. मग पडदा पाडायचा, बत्ती दोरीनं खाली घ्यायची, रॉकेल बघायचं, पिन मारायची, पंप मारायचा, मेंटल फुटलं असेल तर नवं बांधायचं. एवढ्या वेळात अंधारात बसलेल्या दीड-दोन हजार माणसांचं काय करायचं?

हा प्रश्न एकट्या मुरगूडला पडला नव्हता. लंडनमध्ये १६०९ च्या सुमाराला शेक्सपिअरची मंडळी ब्लॅकफ्रायर्स नावाच्या बंदिस्त नाटकगृहात खेळ करायला लागली, तेव्हा तिथं मेणबत्त्यांचा उजेड असे. अंक संपला की वातींची काजळी कापावी लागे. तेवढ्या वेळात लोकांनी उठून जाऊ नये म्हणून वाद्यं वाजवली जात. थोडक्यात, शेक्सपिअर आणि आमचे पेटीवाले मास्तर यांच्यामधे फरक फक्त रॉकेल आणि मेणाचा.

दुसरी गरज पडद्यांची. दरबाराचा, जंगलाचा आणि रस्त्याचा असे तीन पडदे कोल्हापुराहून भाड्यानं यायचे. दरबार मांडायचा म्हणजे सिंहासन (कुणाच्या तरी घरची खुर्ची), लोड, तक्के आणि मशाली आणायच्या. तिसरी गरज मिश्यांची. त्या डिंकानं चिकटवलेल्या असत आणि घामानं सुटत. आणि चौथी गरज बाहेरगावहून ठरवून आणलेल्या नटीची. तिचे पैसे वसूल व्हावेत म्हणून तिला राणी आणि राणीची दासी ही दोन्ही कामं दिलेली असायची. राणीनं दासीला हाक मारली की लुगडं बदलण्यापुरता तरी पडदा पाडणं भागच होतं.

आता कुणी म्हणेल, ही खेडवळ नाटकांची रड आहे, अभिजात नाटकाला असलं काही लागत नाही. अशा माणसानं थेट भरतमुनींकडं जावं. नाट्यशास्त्रात दोन अंकांच्या मधल्या जागेची रीतसर व्यवस्था लावलेली आहे. तिथं जो छोटा प्रवेश घालायचा त्याला नावं आहेत, 'विष्कंभक' आणि 'प्रवेशक'. एका अंकात एका दिवसाचीच हकिकत दाखवावी. मधे महिने गेले, कुणी लांबचा प्रवास केला, लढाई झाली, राज्य गेलं, असल्या भानगडी स्टेजवर मांडू नयेत. त्या मधल्या प्रवेशात सांगून मोकळं व्हावं. प्रवेशकातली पात्रं साधी, खालच्या थरातली. बोलायची भाषा संस्कृत नव्हे, प्राकृत. म्हणजे अंकात राजेलोकांनी अलंकारिक बोलायचं आणि अंकांच्या मधे येऊन चार सामान्य माणसांनी पब्लिकला समजेल अशा भाषेत गोष्ट पुढं सरकवायची.

कालिदासाचं 'शाकुंतल' घ्या. दुर्वासांचा शाप, ज्याच्यावाचून ते नाटक चौथ्या अंकातच 'आणि ते सुखानं नांदू लागले' असं संपलं असतं, तो शाप कुठं येतो? मुख्य अंकात नव्हे, चौथ्या अंकाच्या आधीच्या विष्कंभकात. दोन मैत्रिणी फुलं तोडत असतात आणि पडद्यामागून शाप ऐकू येतो. बरं, हरवलेली अंगठी सापडते कुठं? तीही पाचव्या आणि सहाव्या अंकांच्या मधल्या प्रवेशकात. एक कोळी, त्याला माश्याच्या पोटात अंगठी मिळालेली, आणि त्याला बांधून मारणारे दोन शिपाई. शेवटी कोळी सुटतो, त्याला राजाकडून बक्षीस मिळतं, आणि जे शिपाई मघाशी त्याला यमसदनी धाडायला निघाले होते तेच त्याच्याशी दोस्ती करून सगळे मिळून दारूच्या दुकानाकडं चालू लागतात. सरकारी खात्याचं इतकं हुबेहूब चित्र मुख्य अंकांत कुठं सापडायचं नाही. शाप मधल्या वेळात, अंगठी मधल्या वेळात. मुख्य अंकांत माणसं आपली रडतात आणि आठवतात.

जपानातही हीच तऱ्हा. त्यांचं 'नो' नावाचं नाटक अतिशय गंभीर आणि संथ. त्याच्या दोन भागांच्या मधे मुख्य नट पोशाख बदलायला आत जातो, आणि तेवढ्यात 'क्योगेन' पंथाचा नट गावातल्या साध्या माणसाच्या रूपात येऊन झालेली गोष्ट सोप्या भाषेत पुन्हा सांगतो. पोशाख बदलायची अडचण ती काय, पण तिच्यातून त्यांनी एक कला काढली.

इटलीत तर मधल्या वेळानं मुख्य जेवणावरच मात केली. पेर्गोलेझी नावाच्या तरुण संगीतकारानं १७३३ साली नेपल्समध्ये एक भारदस्त संगीत नाटक केलं आणि त्याच्या अंकांच्या मधे घालायला एक हलकंफुलकं प्रकरण स्वतःच लिहिलं. गोष्ट अशी, की एक चतुर मोलकरीण आपल्या मालकाला बनवते आणि शेवटी त्याच्याशी लग्न लावून मालकीण होते. ते भारदस्त नाटक आज अभ्यासकांपलीकडं कुणाला माहीत नाही. पण मधली ती मोलकरीण, 'ला सेर्वा पाद्रोना', अजून युरोपभर गाते आहे. १७५२ साली ती पॅरिसला गेली तेव्हा तर इटालियन संगीत चांगलं की फ्रेंच, यावरून तिथल्या विद्वानांत जुंपली. मधल्या वेळचं खाल्लेलं इतकं जड गेल्याचं दुसरं उदाहरण नाही.

आता आपल्याकडं या. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक सुरू झालं. त्या खेळांत सूत्रधारानं गायचं, विदूषकानं उड्या मारत येऊन त्याची फिरकी घ्यायची, मग गणपती, मग सरस्वती, आणि मग राक्षसांनी आरडाओरडा करत मांडव डोक्यावर घ्यायचा. देवही ठरलेले, राक्षसही ठरलेले, आणि कोण मरणार तेही ठरलेलं. पुढं दहा-पंधरा वर्षांत लोकांना त्याचा कंटाळा यायला लागला, तेव्हा नाटक मंडळ्यांनी एक युक्ती काढली. पौराणिक आख्यानाला जोडून 'फार्स' करायचा. नाव इंग्रजी, माल गावठी. त्यात रोजच्या कपड्यांतली माणसं, रोजचं बोलणं आणि सुधारकांपासून म्हाताऱ्या नवरदेवापर्यंत सगळ्यांची टिंगल.

हा फार्स इतका चालला, की पुराणातलं नसलेलं आणि गद्यात बोललं जाणारं जे काही असेल त्याला सरसकट 'फार्स' म्हणायची चाल पडली. नारायणराव पेशव्यांच्या वधावर खेळ झाला, तोही 'फार्स'. अफझलखानाच्या मृत्यूवर झाला, तोही 'फार्स'! बिचारा नारायणराव शनिवारवाड्यात जीव मुठीत धरून पळतो आहे आणि बाहेर पाटी 'फार्स'ची. पण विनोद बाजूला ठेवला तर दिसेल, की आपलं गद्य नाटक, साध्या माणसांच्या तोंडची भाषा, ही रंगभूमीवर पहिल्यांदा आली ती मुख्य दारानं नव्हे. ती आली या जोड-खेळाच्या खिडकीतून. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तन्यांनी 'थोरले माधवराव पेशवे' लिहिलं, तोवर त्या खिडकीतून बराच उजेड आत आलेला होता.

पुढं किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' केलं आणि संगीत नाटकाचा जमाना आला. तेव्हा मधली वेळ पडद्याच्या पुढं सरकली. आत दरबार मांडायचा असेल तर पुढं रस्त्याचा पडदा सोडायचा आणि त्याच्यापुढच्या चार फूट जागेत दोन विनोदी पात्रांना भांडायला लावायचं. आत हातोड्या, बाहेर हशा. हशा जोरात हवा, म्हणजे हातोड्या ऐकू येत नाहीत. गडकऱ्यांच्या १९१९ सालच्या 'एकच प्याला'त सुधाकराचा संसार इकडं बुडत असतो आणि तिकडं तळीराम आपलं आर्य मदिरा मंडळ चालवत असतो. त्यात नाट्यतत्त्व किती आणि सुतारकामाची सोय किती, हे समीक्षकांनी ठरवावं. मला मात्र वाटतं, मराठी विनोदावर सुताराचे उपकार आहेत.

सिनेमावाल्यांनी तर सुरुवातच मधल्या वेळासकट केली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा जाहिरातीत चित्रपटाच्या जोडीला नाच, विनोदी प्रवेश आणि पायांनी कसरती करणारा एक पटाईत गडी, असा सगळा बाजार होता. हरिश्चंद्राच्या सत्त्वावर एकट्या फाळक्यांचा विश्वास असेल, थिएटरवाल्याचा नव्हता.

आणि गोव्यात अजूनही ही परंपरा ताठ मानेनं उभी आहे. कोकणी तियात्राचा पहिला खेळ १७ एप्रिल १८९२ ला झाला, तोही मुंबईत. लुकासिन्हो रिबेरो आणि जुवांव आगुस्तीन फर्नांडिस या मंडळींनी केलेला. तियात्राचे अंक, त्यांना 'पडदे'च म्हणतात, आणि दोन पडद्यांच्या मधे कांतारां, म्हणजे गाणी. या गाण्यांचा नाटकाच्या गोष्टीशी काडीचा संबंध नसतो. सासू-सुनेच्या नाटकात मधेच एक गवई पुढं येऊन रस्त्यावरचे खड्डे आणि त्या खड्ड्यांत गेलेले मंत्री यांच्यावर गाऊन जातो. लोक टाळ्या पिटतात, आणि मग सासू-सून पुढं चालू. पण फरक बघा. तिथं कांतारां म्हणणाऱ्याचं नाव जाहिरातीत ठळक छापलेलं असतं. लोक त्याच्या नावावर तिकीट काढतात.

इथं मला आमच्या शिंपीआबांबद्दल सांगितलं पाहिजे.

आबा गावात कपडे शिवायचे. नाटकातल्या महाराजांचा अंगरखाही तेच शिवायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पण त्यांचं खरं काम पडदा पडल्यावर सुरू व्हायचं. आतून कुणीतरी हळूच सांगायचं, "आबा, जरा सांभाळा. महाराजांची मिशी सापडंना."

"सापडू दे न्हाईतर न सापडू दे," आबा म्हणायचे, "तवर मी हाय." आणि खांद्यावरची टेप तशीच ठेवून पडद्याच्या पुढं यायचे.

ते नकला करायचे. चढावर धापा टाकणारी एसटी, तिचा कंडक्टर आणि तिच्यातली कोंबडी ही तिन्ही कामं एकटे. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून चाललेला सौदा ते एक शब्द न बोलता दाखवायचे. नुसत्या भुवयांवरून लोकांना कळायचं, की दलालानं पन्नास वाढवले आणि शेतकऱ्याचा जीव शंभराला अडकलाय. पण त्यांची सगळ्यांत मोठी करामत वेगळीच होती. ते मघाशी संपलेला अंक पुन्हा सांगायचे. "महाराज आत्ता का रुसले, उमगलं का? न्हाई? मलाबी न्हाई उमगलं. म्हनून आत जाऊन इचारून आलो." आणि मग त्या ऐतिहासिक नाटकातली दोन-दोन पानांची जडजंबाल वाक्यं आबांच्या तोंडून चार ओळींत, आमच्या बोलीत यायची. मागं पोत्यावर बसलेल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "असं व्हय? मग बरोबर हाय राजाचं." आबांनी भरतमुनींचं नाव ऐकलं नव्हतं, जपान त्यांना फक्त लढाईमुळं माहीत होता. पण प्रवेशक म्हणजे काय, हे मला पुढं पुस्तकात वाचायला मिळालं तेव्हा डोळ्यांपुढं खांद्यावर टेप टाकलेला माणूसच आला.

एका वर्षीचं मला अजून आठवतं. दुसरा अंक नुकताच संपलेला. मधली गॅसबत्ती पंप मारता मारता भडकली आणि ज्वाळा वरच्या झालरीला लागली. मांडव कापडाचा, खाली वाळलेलं गवत, आणि बाहेर पडायला एकच वाट. बायकांच्या बाजूनं किंकाळी उठली, पुढची पोरं उभी राहिली. तेवढ्यात आबा धावत पडद्याच्या पुढं आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "बसा, बसा! घाबरू नगा, ही नक्कल हाय! बत्तीची नक्कल!" आणि गाल फुगवून, डोळे वटारून, त्या भडकलेल्या बत्तीसारखे 'भस्स, भस्स' करत स्टेजभर नाचायला लागले. एक क्षण कुणाला काही कळेना. मग कुणीतरी हसलं. मग सगळे हसले आणि उभी राहिलेली माणसं खाली बसली. आबांच्या मागं चार जणांनी झालर ओढून पाडली, तिच्यावर पोती टाकली, बत्ती बाहेर नेली. आबांच्या सदऱ्याची पाठ एका ठिकाणी करपली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मंडळाच्या वहीत त्या वर्षाची नोंद मी पुढं मोठेपणी वाचली. 'झालर दुरुस्तीस खर्च. तिसरा अंक उत्तम झाला.' एवढीच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा मला ती वही आठवली. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते पॅलेस थिएटर. संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव त्याला पुढं मिळालं, आणि दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. गाव रस्त्यावर येऊन रडलं. पण त्या इमारतीचे नकाशे होते, फोटो होते. ती पुन्हा उभी करायची असं ठरवता तरी आलं. आबांच्या एसटीचा नकाशा कुणी काढून ठेवलाय? रुमालाखालचा तो सौदा पुन्हा उभा करायला कुठला फोटो बघायचा? अंक लिहिलेले असतात म्हणून टिकतात. मधली वेळ लिहिलेली नसते.

ती संपलीही कुणाच्या लक्षात न येता. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आली, अंकभर एकच दिवाणखाना मांडलेला. मग रस्त्याच्या पडद्याचं काम उरलं नाही. पुढं तीन अंकांचे दोन झाले आणि दोनाच्या मधे वडा आला. आमच्याकडं हे सगळं थोडं उशिरा पोचलं. आधी लाउडस्पीकर आला आणि मधल्या वेळात रेकॉर्ड लावून नाचणारी पोरं आली. मग स्टेजवर वीज आली. मी तेव्हा कॉलेजात होतो. सुट्टीत दुकानात गेलो तर आबा काजं करत बसलेले. म्हटलं, "आबा, यंदा नकला न्हाईत?"

त्यांनी सुई दातांत धरली आणि वर लोंबणाऱ्या दिव्याकडं बोट केलं. "बल्बाला पंप मारावा लागत न्हाई बाळ. मग मला कशाला इचारतील?"

रंगभूमीच्या इतिहासावर मी पुष्कळ वाचलंय, पण कारणमीमांसा इतक्या थोडक्यात कुणी केलेली नाही.

जुनी हस्तपत्रकं माझ्यापाशी चार-पाच आहेत. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. त्यांत महाराजांपासून दासीपर्यंत सगळ्यांची नावं आहेत. पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांची आहेत, प्रॉम्प्टरचं आहे, पडदे ओढणाऱ्या दोघांचीसुद्धा आहेत. अगदी तळाला एक बारीक ओळ, 'मध्यंतरात करमणुकीचे कार्यक्रम होतील.' लहानपणी एकदा मी रागानं ते पत्रक घेऊन आबांकडं गेलो होतो. म्हटलं, "ह्यात तुमचं नाव का न्हाई?"

आबांनी चष्मा लावला, पत्रक लांब धरून सगळं वाचलं, आणि त्या शेवटच्या ओळीवर नख टेकवलं. "हाय की. हे काय लिवलंय? 'करमणुकीचे कार्यक्रम.' त्यो मीच."

हल्ली मध्यंतरात दिवे लागले की सगळं थिएटर खाली मान घालून मोबाइल उघडतं. प्रत्येकाच्या तळहातावर ज्याची त्याची करमणूक, ज्याचा त्याचा प्रवेशक. मी मात्र अशा वेळी पडद्याकडं बघत बसतो, आणि कालिदासाची एक गंमत मला पुन्हा पुन्हा आठवते. त्या मधल्या प्रवेशातल्या दोन्ही शिपायांना त्यानं नावं दिली आहेत. एक सूचक, एक जानुक. ज्याच्यामुळं राजाला शकुंतला आठवली, ज्याच्यावाचून नाटक पुढं सरकलंच नसतं, तो अंगठी आणणारा कोळी मात्र नुसताच कोळी. त्याला कालिदासानंही नाव दिलेलं नाही.